टीव्हीसमोरचं पालथं ताट

सार्वजनिक चर्चा हा लोकशाहीचा प्राण आहे, आणि ती जिथे जिथे होऊ शकते तिथे तिथे झालीच पाहिजे, असं मी एकदा एका परिसंवादात ठासून सांगितलं होतं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो, तेव्हा असं काही सांगणं हे माझं कामच होतं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतले बरेचसे नंतरच्या जेवणासाठी थांबलेले होते. तरीही त्या वाक्यावरचा माझा विश्वास पुढे पुष्कळ वर्षं टिकला. तो ढिला झाला तो अक्कलकोट रोडवर, नीलव्वाक्कांच्या खाणावळीत.

अक्कांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. खाणावळीला नाव होतं, पण पाटी पश्चिमेकडे तोंड करून लावलेली आणि सोलापूरचं ऊन अक्षरांची भीडभाड ठेवत नाही. एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतले लोक दुपारी सायकली भिंतीला टेकवून आत शिरत, त्यावरून जागा ओळखायची. माझी बायको तेव्हा माळशिरसच्या शाळेत शिकवत होती आणि फक्त रविवारपुरती घरी यायची. मधल्या दिवसांत मी स्वयंपाक करून पाहिला. त्याविषयी इथे लिहिण्यासारखं काही नाही.

पहिल्या दिवशी ताट समोर आलं आणि मी सवयीनं पिशवीतून पुस्तक काढून पाण्याच्या तांब्याला टेकवलं. अक्का तव्यावरची भाकरी हातात घेऊन स्वतः बाहेर आल्या, पण ती ताटात पडेना. हवेतच राहिली.

"सर, आदी कोन? पुस्तक का भाकरी?"

"दोन्ही चालेल की अक्का."

"मला न्हाय चालत. पुस्तकाला चटनीचं तेल लागतंय. आन भाकरीला पुस्तकाचं कायबी लागत न्हाय."

मी पुस्तक मिटलं. मग भाकरी खाली आली. त्यांनी मला 'सर' म्हटल्यानं मी सुखावलो होतो, पण पुढे कळलं की चष्मा लावलेल्या कुणालाही त्या सरच म्हणत. गॅसची टाकी आणणारा एक सर होता.

अक्का उंचीनं बेताच्या, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, गळ्यात लिंगाची करडी पिशवी, आणि भाकरी थापून थापून तळहात असे झालेले की गरम तवा त्या उघड्या हातानं सरकवत. चुलीसमोर बसत त्या जागेवरून भिंतीतल्या चौकोनातून सगळी पंगत दिसायची. गिऱ्हाइकांची नावं त्यांना ठाऊक नसत, खाणं ठाऊक असे. 'ताकवाला', 'चटणीवर तेल नको म्हणणारा', 'भाकरी कुस्करून खाणारा'. घरी त्या कन्नड बोलत, दुकानात मराठी, आणि रागावल्या की पुन्हा कन्नड. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "सुम्न उण्री." म्हणजे गप जेवा. कुणी भाजीची तारीफ केली तरी हेच, कुणी भाजी खारट म्हणाला तरी हेच. मोबाइल आले तेव्हा त्यांनी नियम केला की ताटाशेजारी मोबाइल पालथा ठेवायचा. बोलायला बंदी नव्हती, पण ताटावर बसून दुसरीकडे बघणारा माणूस त्यांना सहन होत नसे. "डोळा तिकडं, तोंड हिकडं, घास जाईल कुटं?" असं त्या म्हणत, आणि खरोखर उत्तराची वाट बघत असल्यासारख्या बघत.

स्वभाव गोड वगैरे अजिबात नव्हता. हट्टी होत्या. एखाद्यानं वांगं नको म्हटलं तर त्याच्याशी आठवडाभर नीट बोलत नसत. पण दुपारची गर्दी सरली, हात धुतले, की दोऱ्यानं बांधलेला चष्मा कानांवर चढवून शेंगा सोलत पेपर वाचायला बसत. अग्रलेखाशी मोठ्यानं भांडत. मंत्र्यांना एकेरी हाक मारत. म्हणजे जगाची खबर त्यांना नको होती, असं कुणी समजू नये.

टीव्ही आणला तो त्यांच्या मुलानं, बसूनं. समोरच्या हॉटेलात दोन टीव्ही लागले होते. बसूनं एकच आणला, पण मोठा. भिंतीवर उंच लावला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बातम्या लावल्या. पडद्यावर चौकोनाचौकोनांत बरीच माणसं एकदम ओरडत होती.

अक्का भिंतीतल्या चौकोनातून बघत होत्या. "हे सगळे एकाच टायमाला का बोलायलेत रे?"

"चर्चा हाय आई."

"मग ऐकायला कोन हाय?"

"आपन हाय की," बसू म्हणाला.

बसूची बाजू अगदीच लंगडी नव्हती, आणि मी तेव्हा त्याच्याच बाजूचा होतो. मागावरच्या माणसाला पेपर वाचायला वेळ कुठे असतो? सुताचे भाव, विजेचं बिल, मजुरी, सगळं कुणीतरी कुठेतरी ठरवत असतं. ते त्याला जेवताना तरी कळलं तर काय बिघडलं? मी हे अक्कांना जरा सविस्तर सांगितलं. परिसंवादातलं वाक्यही वापरलं.

"कळू द्या की," अक्का म्हणाल्या. "मी कुटं अडवलंय? हात धुऊन झाल्यावर कळू द्या."

पण मुलाची हौस होती. त्यांनी टीव्ही चालू दिला. पुढच्या काही दिवसांत लोक हातवारे करून जेवू लागले. ज्या हातानं भाकरी मोडायची तो पडद्याकडे रोखलेला असे आणि ताटातल्या भाकरीवर वाफेचा घाम येऊन ती मऊ पडे. मागच्या दारी उष्ट्याची बादली असायची, ती संध्याकाळी एक गवळी म्हशीसाठी घेऊन जाई. तो एकटाच बेहद्द खूश होता. एक दिवस तो अक्कांना म्हणाला, "मावशी, चॅनल तेवढं बदलू नका. म्हैस लई सुधारली."

अक्का हसल्या नाहीत.

त्याच सुमारास वॉर्डातले एक कार्यकर्ते आले. त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला इतकी खळ असे की बसल्यावर घडी मोडेल म्हणून ते शक्यतो उभेच राहत. त्या दिवशी मात्र ते ताटावर बसले आणि म्हणाले, "अक्का, आज साहेबांचं भाषण आहे. सगळ्या हॉटेलांना सांगितलंय. आवाज मोठा ठेवायचा."

"ठेवते की. मोठा मानूस हाय."

भाषण सुरू झालं. इकडे पहिली भाकरी संपली आणि दोन-तीन टेबलांवरून हाका आल्या. अक्का दारात येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. "आता न्हाय. मोठा मानूस बोलायलाय. मधी चावायचा आवाज बरा दिसत न्हाय."

लोक हसले. मग ताटांकडे बघून हसायचे थांबले. साहेब अजून इतिहासात होते.

मोहोळचा एक ट्रकवाला म्हणाला, "अक्का, गाडी भरून हुबी हाय बाहेर."

"साहेबांचं होऊ दे की."

"कवा होनार त्यांचं?"

"मला काय ठाव? भाऊंना इचारा."

सगळ्या माना भाऊंकडे वळल्या. भाऊंच्याही ताटात तेवढी चटणीच उरली होती. ते घसा साफ करून म्हणाले, "अक्का, आवाज थोडा कमी केला तरी चालेल."

"आवाज कमी केला म्हनून मानूस ल्हान होतंय व्हय?"

साहेब इतिहासातून बाहेर पडून विकासाकडे वळले, तेव्हा भाऊ स्वतः बाकावर चढले. शर्टाची घडी मोडली. त्यांनी बटण दाबलं. अक्कांनी पहिली गरम भाकरी भाऊंनाच वाढली आणि वर तुपाची धार सोडली. साहेबांनी शेवटी काय आवाहन केलं ते कुणाला कळलं नाही. भाऊंनी विचारलंही नाही.

पण हा गमतीचा भाग झाला. टीव्हीनं खरं नुकसान केलं ते नंतर, आणि ते नरसय्या आणि बिराजदार यांचं केलं.

नरसय्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा आणि चालू मागांवर नजर ठेवणारा. बिराजदारांचं खताचं दुकान. दोघं वर्षानुवर्षं एकाच टेबलावर समोरासमोर बसत. बिराजदारांना पित्ताचा त्रास, म्हणून ते आपला ठेचा नरसय्याच्या ताटात सरकवत. नरसय्याला दही आवडत नसे, ते तो त्यांच्या ताटात ओती. पहिल्या घासाआधी ही देवाणघेवाण व्हायची, एक शब्द न बोलता. नरसय्याच्या घरी तेलुगू, बिराजदारांच्या घरी कन्नड. मराठी त्यांना भांडायला उपयोगी पडे, कारण दोघांना येणारी भाषा तीच होती. आणि भांडत ते रोज. एक ह्या पक्षाचा, एक त्या पक्षाचा. पण ते भांडण त्यांचं स्वतःचं होतं. "शेठ, तुमाला डोकं हाय का?" "तुला हाय म्हनूनच जॉबर झालास व्हय?" इथपर्यंत चालायचं.

टीव्ही आल्यावर त्यात दुसऱ्यांचे शब्द येऊ लागले. नरसय्या आयुष्यभर मागांच्या खडखडाटात राहिलेला, त्यामुळे तो साधं 'पाणी द्या' म्हणाला तरी रस्त्यावर ऐकू जाई. त्यात वरून तो चर्चेचा गदारोळ. एक दिवस टीव्हीवर कशावरून तरी पेटलं होतं. नरसय्या काहीतरी मोठ्यानं म्हणाला. बिराजदार वर पडद्याकडे बघतच बोलले, अगदी पडद्यावरच्या माणसाच्या आवाजात, "तुमच्यासारख्या लोकांमुळंच हे सगळं होतंय."

नरसय्याचा हात थांबला. "आमच्यासारकी म्हंजे?"

बिराजदारांनाही ते ठाऊक नव्हतं. वाक्य टीव्हीवरचं होतं, त्याच्या पुढचा भाग त्यांनी ऐकलेला नव्हता.

"न्हाय शेठ, सांगा की. आमच्यासारकी म्हंजे कसली?"

बिराजदारांनी पुन्हा वर पडद्याकडे पाहिलं. नरसय्या उठला. ताट वाढलेलं तसंच होतं. ठेचा त्याच्याकडे आला होता, दही अजून त्याच्याच वाटीत होतं. अक्का टम्म फुगलेली भाकरी घेऊन दारात उभ्या होत्या.

"नरसय्या, ताट भरलंय."

"दिसतंय मला," तो पाठमोरा म्हणाला, आणि हात धुऊन सायकलवर बसून निघून गेला.

आमच्याकडे भरल्या ताटावरून माणूस उठणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. कुणी गेल्याची खबर आली तरी ती आणणारा, घरातला जेवणारा हात धुऊन येईपर्यंत ओट्यावर थांबतो. अक्कांच्या खाणावळीत असं आजवर झालेलं नव्हतं. त्या बाकावर चढल्या आणि उलथन्याच्या टोकानं त्यांनी टीव्ही बंद केला.

"मेल्याची खबर बी जेवनारा उठस्तवर कोन सांगत न्हाय," त्या बसूला म्हणाल्या. "आन तू ह्यो डबा भरल्या ताटावर लावलास."

त्या दुपारी अक्का जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नरसय्या आला नाही. अक्कांनी त्याच्या जागी एक ताट पालथं घातलं आणि जाहीर केलं, की इथे कुणी बसायचं नाही. गर्दीच्या वेळी लोक उभे राहत, पण ती जागा रिकामी. बसू कुरकुरला. अक्का म्हणाल्या, "जागा धरलीया." बिराजदार मात्र रोज आपल्या जागी बसायचे. म्हणजे अक्का त्यांना दुसरीकडे बसूच देत नसत. समोर पालथं ताट, वर काळा टीव्ही. त्यांच्या ताटातला ठेचा तसाच पडून राहू लागला.

शेवटी एका दुपारी ते म्हणाले, "अक्का, ते ताट काढा की. बरं न्हाय दिसत. घास उतरंना झालाय."

"तुमी त्येला आना. मग काढते."

"मी? मी कशाला जाऊ? उठला कोन?"

"उठला त्यो. उठवला कोन?"

बिराजदारांनी हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. मग माझ्याकडे वळले. "सर, तुमी चला संगं. तुमी कुटल्याच पक्षाचे न्हाय." राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं असेल असं वाटत नाही.

आम्ही कारखान्यात गेलो. बिराजदारांनी वाटेत काय बोलायचं ते पक्कं केलं होतं. मला म्हणून दाखवलं. चांगलं होतं, जरा लांबलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि सगळं वाया गेलं. ओळीनं माग चालू होते आणि त्या आवाजात स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येईना. नरसय्या एका मागावर वाकला होता. त्यानं वर पाहिलं. बिराजदारांनी तोंड उघडलं आणि भाषण सुरू केलं. त्यांचे ओठ हलत होते, हात छातीवर जात होता. नरसय्यानं मान हलवली आणि कानाशी बोट नेऊन फिरवलं. ऐकू येत नाही.

मागांवरची माणसं दिवसभर खुणांनी बोलतात. धागा तुटला, सुताची कांडी संपली, चहा आला, मालक आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. बिराजदारांना त्यातली एकही येत नव्हती. मग त्यांनी दोन्ही हातांनी हवेत भाकरी मोडली आणि तोंडाकडे नेली.

नरसय्यानं हवेत एक मोठा चौकोन काढला आणि भुवया उंचावल्या.

बिराजदारांनी चौकोनावर फुली मारली.

नरसय्या पुन्हा मागावर वाकला. मला वाटलं, संपलं. पण त्यानं खटका ओढला, तो एक माग थांबवला, हात पुसले, आणि बिराजदारांच्या कानाशी तोंड नेऊन असा ओरडला की ते मलाही ऐकू आलं.

"उद्या भाजी काय हाय?"

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा अक्का चुलीवरून उठल्या. पालथं ताट त्यांनी स्वतः सुलटं केलं, पदरानं पुसलं आणि वाढलं. बिराजदार काहीतरी बोलायच्या बेतात होते. "सुम्न उण्री," अक्का म्हणाल्या. ठेचा इकडून तिकडे गेला, दही तिकडून इकडे आलं. दोघं ताट चाटून पुसून उठले, बाहेर मोरीवर हात धुतले, आणि तिथे उन्हात उभे राहून त्याच जुन्या विषयावर असे कडाडून भांडले, की रस्त्यावरचे सायकलवाले थांबले. अक्का आतून ऐकत होत्या. एवढा समाधानी चेहरा मी लग्नघरातही पाहिलेला नाही.

त्या दुपारी त्या बऱ्याच दिवसांनी व्यवस्थित जेवल्या. बसूनं पुढच्या आठवड्यात टीव्ही आतून काढला आणि बाहेरच्या पडवीत, मोरीच्या वर लावला. शेजारी एक बाक टाकला, बडीशेपेची वाटी ठेवली. ज्याला जग जाणून घ्यायचं आहे त्यानं हात धुऊन जाणून घ्यावं, अशी ती व्यवस्था होती. गिऱ्हाईक कमी झालं नाही. गवळ्यानं मात्र दोनदा चौकशी केली, की टीव्ही बिघडला का.

माझा परिसंवादातला सिद्धांत मी त्यानंतर थोडा दुरुस्त केला. चर्चा झालीच पाहिजे, पण ताट रिकामं झाल्यावर. वर्गात हे सांगायचं धाडस कधी झालं नाही, कारण अभ्यासक्रमात ते कुठे बसवावं ते कळेना. पण माझ्या एकटेपणाच्या दिवसांत मला रोज कुणीतरी ताटाकडे बघायला लावलं, समोरच्या माणसाचा घास अडला तर दिसेल इतकी शांतता दिली. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. बायकोची बदली सोलापुरात झाली, माझं खाणावळीत जाणं सुटलं, आणि गुडघे गेल्यामुळे अक्का अक्कलकोटला लेकीकडे राहायला गेल्या.

एका रविवारी आम्ही तिघं त्यांना भेटायला निघालो, नरसय्या, बिराजदार आणि मी. एसटीत दोघं अक्कलकोटपर्यंत राजकारणावरून भांडत होते. कंडक्टरनं एकदा त्यांना खाली उतरवायची भाषा केली. मी खिडकीशी बसून चार वाक्यं जुळवत होतो. आभाराची. जरा साहित्यिक झाली होती, पण मनापासूनची होती.

घराबाहेरूनच आवाज ऐकू आला. आत अक्का खुर्चीत, पाय स्टुलावर, हातात रिमोट, आणि समोर टीव्हीवर चौकोनांतली माणसं एकमेकांवर तुटून पडलेली. आवाज नरसय्यालाही सहज ऐकू यावा इतका.

"अक्का, तुम्ही? आणि हे?" मी म्हणालो.

"मग? आता भाकरी थापायची न्हाय, का कुनाला वाढायची न्हाय. दिसभर काय करू?" त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "त्यो डाव्या हाताचा बगा. लई खोटारडा. काल येक बोलला, आज येक बोलायलाय."

"बरोबर हाय अक्का!" बिराजदार म्हणाले.

"काय बरोबर हाय?" नरसय्या म्हणाला. "त्योच येकटा खरा बोलायलाय!"

मी घसा साफ केला. "अक्का, मला तुम्हाला जरा काही सांगायचं होतं…"

"सर, थांबा वाईच. ह्यो काय म्हंतोय ऐकू द्या."

मी थांबलो. एवढ्यात लेक आतून ताटं घेऊन आली आणि आमच्यासमोर मांडली. अक्कांनी रिमोट उचलला आणि वाक्याच्या मधोमध टीव्ही बंद केला. घरात एकदम शांत झालं. बिराजदारांनी ठेचा सरकवला. नरसय्यानं दही ओतलं. मी माझी चार वाक्यं पुन्हा जुळवून तोंड उघडलं.

"सुम्न उण्री," अक्का म्हणाल्या.

जेवून हात धुऊन आलो तेव्हा टीव्ही पुन्हा सुरू झाला होता आणि परतीची एसटी धरायची होती. ती आमची शेवटची भेट. माझी वाक्यं तशीच राहिली. पडद्यावरच्या त्या माणसाचं वाक्य पुढे कुठे जाणार होतं तेही मला कळलं नाही, आणि तो कोणत्या पक्षाचा होता हे आता आठवत नाही. भाजी वांग्याची होती.